करवत सिस्टरने मोडलेला शब्द

तिचं तोंड सुरू झालं की समोर लाकूड असो वा माणूस, दोन तुकडे ठरलेले. म्हणून शिलाई कारखान्यात तिला सगळे करवत म्हणायचे. तोंडावर ‘सिस्टर’, पाठ वळली की ‘करवत’. तिला हे ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. "कुजकं लाकूड कापायला कुणीतरी लागतंच की," असं ती वर म्हणायची.

कारखान्यात येण्याआधी तिने अर्धं आयुष्य एका मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात काढलं. ताप, बाळंतपणं, फिट, डोकेदुखी, सगळं पाहिलं. तिथून ती सुटली ती एका देणगीदार बाईंमुळे. बाई फोटो काढून घ्यायला आल्या आणि चपला घालूनच रुग्णाच्या खाटेवर चढून बसल्या. करवतीने भर वॉर्डात विचारलं, "घरीही गादीवर अशाच चढता का?" झालं. तिच्या हाताला यश आहे, पण जिभेला हाड नाही, असं म्हणून दवाखान्याने तिला नारळ दिला. लग्न तिने केलं नव्हतं. भाऊ-वहिनीकडे राहायची. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्हाला झेलणारा अजून जन्मायचाय." तर ही म्हणायची, "जन्मला तर त्याला आधी लंगोट मीच बांधीन. राहू द्या."

कारखान्यात तिला मिळाली जिन्याखालची आजारी खोली. खोलीत एक खाट आणि खाटेवर शर्टांचे गठ्ठे. आजारी माणसाला बसायचं तर आधी गठ्ठे उचला. पण तिला खरी शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर एक स्टीलची वाटी ठेवलेली असायची, डोकेदुखीच्या गोळ्यांनी भरलेली. गोळ्या पाकिटातून आधीच सोडवून ठेवलेल्या, कारण पाकिटांनी मोरी तुंबते. यायचं, ओल्या हाताने गोळी उचलायची, पाणी प्यायचं, मशीनवर बसायचं. शंभर हातांचा घाम, तेल, खडूची भुकटी त्या वाटीत. तळाला गोळ्या भिजून त्यांचा लगदा झालेला. एकदा तर कुणीतरी कडू लागली म्हणून तोंडातली गोळी परत त्याच वाटीत टाकलेली करवतीने डोळ्यांनी पाहिली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

हॉलच्या सुपरवायझरला मात्र त्या वाटीचा भारी अभिमान. ‘लवकर लवकर’ याखेरीज त्याच्या तोंडातून दुसरं काही निघत नसे, म्हणून त्याचं नाव लवकरसाहेब. तो म्हणाला, "सिस्टर, एवढी सोय कुठल्या कारखान्यात आहे दाखवा. डोकं दुखलं की रजा नाही, गोळी. लवकर गोळी, लवकर मशीन."

"सोय कसली? जनावरांना मीठ चाटायला ठेवतात तसं ठेवलंय तुम्ही," करवत म्हणाली. "रोज गोळी खाल्ली की गोळीच डोकं दुखवते. ती उतरली की ठणका सुरू, मग परत गोळी. ही वाटी डोकेदुखी घालवत नाही, पाळते."

आणि तिने वाटी उचलून आजारी खोलीत नेली. आता तुम्हाला वाटेल, बायकांनी तिला दुवा दिला असेल. कसला दुवा! दुपारपर्यंत अर्धा हॉल तिच्या दाराशी येऊन भांडत होता. आमची गोळी का अडवता? तुमच्या बापाची आहे का? ज्यांच्यासाठी भांडायचं तेच आपल्या गळ्याला हात घालतात, ही गोष्ट ज्याने रस्त्यावर काम केलंय त्याला नवी नाही. करवतीला राग आला, पण ती हटली नाही. म्हणाली, "गोळी मिळेल. पण आधी मला सांगायचं, कुठे दुखतं, कसं दुखतं. रांग लावा."

मग रोज सकाळी जिन्याखाली रांग. अर्धं डोकं ठणकतं का? उजेड सहन होतो का? उलटी होते? डोळ्यांपुढे अंधारी, एकाचे दोन दिसणं? ताप आणि मान ताठ? पोटुशी आहेस का? पाय सुजलेत का? एकाएकी, वीज पडल्यासारखं, जन्मात कधी दुखलं नव्हतं असं दुखलं का? ज्यांची उत्तरं तिला बरी वाटत नसत त्यांना ती गोळी न देता दवाखान्यात पिटाळायची. बाकीच्यांना कधी गोळी, कधी पाणी, कधी चष्म्याची चिठ्ठी, कधी नुसतं, "रात्री झोप गं बाई." बायका कुरकुरत, पण येत. रांगेत गप्पा होत, करवतीची नक्कल होत असे. "मान ताठ आहे का? नाही? मग सासूसमोर करून बघ."

या रांगेत काजवाली यायची. शर्टाला काजं पाडायच्या मशीनवर बसणारी, लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेली, अंगाने काटकी, हसताना तोंडावर हात धरणारी. तिची डोकेदुखी करवतीच्या कुठल्याच खणात बसेना. कामाच्या आधी नाही, उन्हात नाही, उपाशीपोटी नाही. मध्येच कधीतरी, जड, आणि बरोबर गुंगी.

"दुखायच्या आधी काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"म्हणजे... आठवत नाही सिस्टर."

हे ‘आठवत नाही’ करवतीच्या कानात रुतून बसलं. त्यातच हॉलमध्ये काजवालीचे शर्ट परत येऊ लागले. चार काजं सुतात आणि मध्येच एक तिरकं, नाहीतर एकावर एक दोन, जणू मशीन चालू होतं आणि बाई जागेवर नव्हती. लवकरसाहेब सगळ्यांसमोर ओरडायचा, "रात्री काय चोऱ्या करायला जातेस का? इथे येऊन झोपते!" बायका फिदीफिदी हसायच्या. नवी नवरी, रात्री झोप होत नसेल, असले पांचट विनोद. काजवालीही त्यांच्यात हसायची, तोंडावर हात धरून. करवतीला त्या हसण्याचा वीट आला. ती एका सकाळी स्टूल घेऊन काजवालीच्या मशीनशेजारी जाऊन बसली.

"सिस्टर, इथे कशाला? लवकर आपल्या खोलीत," लवकरसाहेब.

"पायाला हवा लागत नाही खोलीत. तुम्ही चला लवकर."

बराच वेळ काहीच नाही. मग काजवाली बोलता बोलता थांबली. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. ओठ चघळल्यासारखे हलायला लागले. डावा हात ब्लाउजचं बटण चाचपत राहिला. आणि पाय? पाय पायटीवर तसाच दाबलेला. सुई खाली-वर, काज कापणारं पातं खटाखट, आणि उजव्या हाताची बोटं कापडाबरोबर पुढे पुढे सरकत चाललेली. करवतीने झेप घेऊन मशीनचं बटण बंद केलं.

मागची बाई काजवालीला हलवायला धावली. "ए, जागी हो!"

"हात लावू नकोस! झोपलेली नाही ती," करवत दबक्या आवाजात म्हणाली. मग काजवालीच्या बाजूला उभी राहून हळू बोलत राहिली. "मी इथे आहे. काही नाही. बस." थोड्या वेळाने काजवालीच्या डोळ्यांत माणूस परत आलं. तिने मशीनकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं.

"लाईट गेली होती का?" तिने विचारलं.

आजारी खोलीत गठ्ठे खाली ढकलून करवतीने तिला खाटेवर निजवलं. डोकं दुखू लागलंच होतं. ते थोडं उतरल्यावर करवत म्हणाली, "ही फिट आहे. फिट म्हणजे दरवेळी जमिनीवर पडून तडफडणंच नसतं. अशीही असते. आणि तुला हे माहीत आहे. चेहरा सांगतो तुझा."

काजवाली रडली. मग सगळं बाहेर आलं. लहानपणापासून होती. औषध चालू होतं, कित्येक वर्षं एकही आली नव्हती. लग्न ठरलं तेव्हा आईने सांगितलं, आता तू बरी आहेस, तिकडे बोलायचं नाही. सासरी एकच कपाट, चावी सासूकडे. गोळ्यांचं पाकीट ठेवणार कुठे? म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी आईनेच औषध बंद केलं.

"आईने?" करवतीच्या तोंडाला कडू चव आली. "जन्म दिला त्या बाईने?"

"माझ्या भल्यासाठीच हो सिस्टर."

"भल्यासाठी! या शब्दाखाली जेवढी माणसं गाडली आहेत ना, तेवढी स्मशानातही नसतील."

काजवालीने तिचे हात धरले. "कुणाला सांगू नका. सासूला कळलं तर त्याच दिवशी माहेरी. यांना कळलं तर... हे टेंपो चालवतात, दिवसभर बाहेर, त्यांना काहीच माहीत नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

करवतीने शपथ घेतली. ती घेताना तिला बरं वाटलं नाही, पण समोरची बाई पाण्यात बुडत असावी तशी हात धरून बसली होती. बुडणाऱ्याला आधी काठावर आणायचं की तो खोटं का बोलला ते विचारायचं?

दोघी अर्ध्या दिवसाची रजा काढून दवाखान्यात गेल्या. डॉक्टर चांगले होते. तपासण्या करून त्यांनी औषध पुन्हा सुरू केलं आणि काजवालीकडे बघून म्हणाले, "एक दिवससुद्धा चुकवायची नाही. अचानक बंद केलीस तर आधीपेक्षा मोठी येईल. आणि मशीन, विस्तव, विहीर, सगळ्यापासून लांब." काजवालीने मान हलवली. गोळ्या घेऊन बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पण ठेवू कुठे?"

आणि तिथेच करवतीच्या डोक्यात ती चलाखी आली. कारखान्यात तर रोज सगळ्याच गोळी खातात! रांगेत उभी राहा, माझ्यासमोर गोळी घे, पाणी पी. कोण विचारणार? शंभर गोळ्यांत एक गोळी. ज्या वाटीची तिला किळस होती तिच्याच आडोशाला तिने काजवालीचं औषध लपवलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी कागदाच्या पुडीत एक गोळी द्यायची. ती काजवाली डब्यातून घरी न्यायची आणि न्हाणीघरात खायची. लवकरसाहेबाला करवतीने सांगितलं, हिचा डोळ्याचा नंबर वाढलाय, काजाच्या मशीनवर बोट कापलं तर पोलीस तुमच्याकडे येतील. पोलीस ऐकताच त्याने काजवालीला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. खोट्यावर खोटं, पण काम भागलं. कित्येक महिने भागलं. डोकेदुखी थांबली, गुंगी थांबली. करवत स्वतःवर खूश होती. वहिनीला म्हणाली, "डोकं चालवलं की वाट निघते." वहिनीला कसली वाट ते कळलं नाही, आणि शपथ असल्याने करवतीने सांगितलंही नाही.

मग शेजारच्या गोदामाला आग लागली. कारखान्याला झळ लागली नाही, पण इमारतीची वीज तोडली गेली आणि तपासणी होईपर्यंत फाटकाला सरकारी कुलूप लागलं. सकाळी बायका आल्या, कुलूप पाहिलं, फाटकापाशी थोड्या खिदळल्या आणि परत गेल्या. बस चुकल्याने करवत उशिरा पोचली, तोवर फाटकापाशी फक्त रखवालदार होता. तिलाही मनातून सुट्टीचा आनंद झाला. खोटं कशाला बोला.

सुट्टीतल्या एका दुपारी ती वहिनीबरोबर भाजी निवडत बसली होती. वहिनीला अर्धशिशीचा जुना त्रास. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही घरात आहात तर बघा, डोकं दुखलं नाही एकदाही. नाहीतर तुमचे बंधू गोळी आणायला विसरतात, आणि एक दिवस चुकली की—"

करवतीच्या हातातली जुडी खाली पडली.

पुडी तर एकाच गोळीची. सुट्टीचा हा कितवा दिवस! गोळ्यांची पाकिटं आजारी खोलीच्या कपाटात, डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच. तिने फोन लावला. फोन सासूचा.

"कोण? सिस्टर? ती कामात आहे. स्पीकरवर टाकलंय, बोला."

"तिला जरा कारखान्यापाशी पाठवता का? काम होतं."

"कारखाना तर बंद आहे ना? बंद कारखान्यात कसलं काम हो?" मागून काजवालीचा आवाज आला, "मी बरी आहे सिस्टर," आणि त्या आवाजात असं काही होतं की करवत चप्पल घालून निघाली.

रखवालदाराने आधी नियम सांगितला. करवतीने त्याला असं काही सांगितलं की त्याने नियम गिळला आणि मागचं दार उघडलं. कपाटातली पाकिटं घेऊन ती काजवालीचं घर विचारत विचारत पोचली, तेव्हा दाराशी गर्दी होती. गर्दी बघताच तिला कळलं.

आतलं दृश्य बघून तिला ओकारीच आली असती. काजवाली खोलीच्या मधोमध जमिनीवर झटके देत होती. दोन माणसांनी तिचे हात दाबून धरलेले, एक जण पायावर बसलेला. एक शेजारीण दातांत स्टीलचा चमचा घालून जोर लावत होती, आणि चमच्यावरून रक्त आणि लाळ तिच्या कोपरापर्यंत ओघळत होती. कुणी तोंडावर पाण्याचे हबके मारतंय. सासू भिंतीला टेकून "नजर लागली, नजर लागली" करतेय. आणि दाराच्या चौकटीत एक बाप्या मोबाईल वर धरून शूटिंग करतोय. माणूस आहे की गिधाड? गिधाड बरं, ते मेल्यावर तरी येतं.

"सोडा तिला! सगळे बाजूला! चमचा काढ आधी!"

"अहो जीभ गिळेल ती!" शेजारीण म्हणाली.

"जीभ कुणाला गिळता येत नाही. तुला आली असती तर गाव सुखी झालं असतं. काढ!"

चमचा निघाला, बरोबर दाताचा एक तुकडाही. करवतीने टेबल ढकललं, ओढणी घडी करून डोक्याखाली सरकवली, गळ्याशी कपडा सैल केला. "आता दाबायचं नाही. फिट आपली आपण थांबते. घड्याळ बघा कुणीतरी. झटके थांबले की कुशीवर वळवू." कोपऱ्यात काजवालीचा नवरा उभा होता, टेंपोवाला, अंगात धुळीने माखलेला शर्ट. झटके ओसरले आणि करवत ‘कुशीवर’ म्हणायच्या आत तो पुढे आला. एक हात बायकोच्या खांद्याला, एक कमरेला, अलगद वळवलं, पाठीला आपला गुडघा टेकवला, हनुवटी किंचित वर केली. तोंडातलं रक्त आणि फेस वाहून गेला, श्वास घरघरत का होईना, चालू झाला. करवतीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या सफाईने वळवायला याला कुणी शिकवलं? पण तेव्हा विचारायला वेळ नव्हता.

"पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही, चहा नाही, काही नाही," ती सासूला म्हणाली.

आणि इथे करवतीची जीभ तिला नडली. दारातला बाप्या अजून शूटिंग करत होता. तिचं डोकं फिरलं. ती उठली, त्याचा हात खाली झटकला आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केली. "घरी आई-बहीण उघडी पडली तर तिचंही काढतोस का रे?" तो म्हणाला, "अहो लोकांना माहिती व्हावी म्हणून..." त्यावर ती आणखी चढली. तिची पाठ वळली, तेवढ्यात सासूने बशीतला चहा सुनेच्या ओठांना लावला. मायेनेच. गोड चहा पोटात गेला की तरतरी येते, हेच तिला आयुष्यभर माहीत. नवरा "आई, नको" म्हणाला तोवर घोट आत गेला होता. काजवाली ठसकली, चहा नाकातून आला, चेहरा निळसर पडला. करवत धावली, तिला पुढे झुकवून पाठीवर थोपटलं, तोंड पुसून काढलं. श्वास जरा मोकळा होतोय तोच दुसरी फिट सुरू झाली, पहिलीतून ती भानावर आलेलीच नसताना.

हे तिने वॉर्डात असताना पाहिलेलं होतं. एकामागून एक, मध्ये जाग नाही, हे घरी थोपवायचं काम नव्हे. पाच मिनिटं वाट बघायचीही ही वेळ नव्हे.

"अँब्युलन्स बोलवा! आत्ता!"

फोन लागला. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय झालंय, आधी काही आजार? फोन सासूच्या हातात, स्पीकरवर. सासू म्हणाली, "काही आजार नाही हो, ठणठणीत पोरगी आहे. चक्कर आलीय."

करवतीला शपथ आठवली. गळ्याची शपथ. पण गळा तर समोर निळा पडत होता. तिने फोन ओढून घेतला आणि सासू, नवरा, शेजारीण, दारातली गर्दी, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं म्हणाली, "लहानपणापासून फिट येतात. औषध चालू होतं, ते सलग काही दिवस चुकलंय. दुसरी फिट चालू आहे, मध्ये शुद्ध नाही. औषधाचं पाकीट माझ्या हातात आहे, नाव लिहून घ्या. आणि चहा श्वासात गेलाय."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. ‘फिटवाली’ हा शब्द तिथेच जन्मला आणि अँब्युलन्स यायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचला.

दवाखान्यात इंजेक्शनने फिट थांबली. छातीत गेलेल्या चहासाठी वेगळं औषध सुरू केलं. जिवाचं संकट टळलंय, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आणि जिवाची भीती गेल्याबरोबर सासूला इज्जत आठवली.

"फसवलं आम्हाला! आजारी पोरगी गळ्यात बांधली. आणि तुम्ही सिस्टर, तुम्हीही त्यातल्याच! महिनोन्‌महिने आमच्या नाकाखाली..."

"हो. मीही त्यातलीच," करवत म्हणाली. "घरी सांगायला लावायला हवं होतं पहिल्याच दिवशी. चलाखी केली. माझ्या चलाखीला कुलूप लागलं आणि तुमची सून मरता मरता वाचली. मला बोला, चालेल. पण तुमच्या कपाटात गोळीचं एक पाकीट ठेवायची तिची छाती झाली नाही, तेवढी तुमची दहशत. त्याचं काय?"

"आमच्या घरात असलं चालणार नाही. बरी झाली की माहेरी—"

"आई, मला माहीत होतं," टेंपोवाला म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. झोपेत आली होती तिला. मी घाबरलो, हात दाबले, तर आणखीच वाईट. मग कुशीवर वळवली, तर तोंडातलं बाहेर आलं आणि श्वास मोकळा झाला. तेव्हापासून तसंच करतो. हल्ली कित्येक महिने नव्हती आली." तो जमिनीकडे बघत होता. "तुला सांगितलं असतं तर तू तिला पाठवली असतीस. म्हणून नाही सांगितलं."

"आणि तिला?" करवतीने विचारलं. "तिला का नाही सांगितलंस?"

"तिला वाईट वाटेल म्हणून. तिला तर माहीतच नाही तिला फिट येते. सकाळी उठली की डोकं दुखतं म्हणायची बिचारी."

करवत भिंतीला टेकली. तिला हसूही येईना, रडूही येईना, नुसती शिसारी आली. एका चटईवर झोपणारी दोन माणसं. तिला वाटतं याला माहीत नाही, याला वाटतं तिला माहीत नाही, आणि दोघांच्या मधोमध ही आई चावीचा जुडगा कमरेला लावून. प्रेम म्हणे! असल्या प्रेमापेक्षा उघडं भांडण शंभर पटीने निरोगी. आणि त्या चिखलात आपणही हात घालून बसलो होतो, याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

"तुला कळत होतं तर दवाखान्यात न्यायची होतीस की रे गाढवा," ती म्हणाली.

"दवाखान्यात नेलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना," तो म्हणाला, अगदी बायकोच्याच सुरात.

तिला भेटायला सोडलं तेव्हा काजवाली पूर्ण भानावर होती. ओठ सुजलेला, पुढचा दात अर्धा. तिने सासूकडे पाहिलं, सासूच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. मग करवतीकडे पाहिलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"शपथ घेतली होती तुम्ही."

"घेतली होती. मोडली."

काजवालीने मान फिरवली. टेंपोवाल्याने खाटेशी वाकून तिला काय ते सांगितलं, हळू आवाजात, अडखळत. ती आधी ऐकत राहिली. मग तिने सलाईनची सुई नसलेला हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर एक फटका मारला. अंगात ताकद नव्हती, पण मन लावून मारला. "पहिल्या महिन्यापासून? आणि मी चोरासारखी रांगेत उभी राहून..." मग दुसरा मारला. तो हलला नाही. सासू म्हणाली, "अगं, नवऱ्याला..." आणि मध्येच गप्प झाली, कारण मुलगा मार खाताना रडत होता.

"तुम्ही माझ्याशी बोलू नका," काजवाली करवतीला म्हणाली. "गल्लीभर केलंत माझं."

"नको बोलूस," करवत म्हणाली. तिला उत्तर द्यायचं होतं, दहा उत्तरं जिभेवर होती, पण त्यातलं एकही त्या अर्ध्या दातासमोर उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं. ती पिशवी उचलून दाराकडे निघाली.

सासू तिच्या मागे बाहेर आली. चेहरा अजून आंबलेला. माहेरी पाठवणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. पाकीट उलटंसुलटं करत तिने विचारलं, "ही जेवणाआधी द्यायची की नंतर?"

"नंतर. रोज एकाच वेळेला."

"आणि विसरलं तर?"

"कपाटाच्या चाव्या कधी कुठे विसरलात का?"

"नाही."

"मग हीही नाही विसरणार," करवत म्हणाली, आणि जिना उतरू लागली.